दुसऱ्या दिवसाचा धडा

निवृत्तीआधीची शेवटची तीन वर्षं माझी पोस्टिंग भिंगारला होती. हुद्दा हवालदार, काम एमटी इन्स्ट्रक्टरचं, म्हणजे जवानांना वाहनं शिकवायचं. युनिटचा नियम असा, की मोटारसायकलने रजेवर जाणाऱ्याने आधी दोन दिवसांचा रायडिंग कोर्स करायचा. कोर्स केल्याच्या सहीच्या कागदाशिवाय गाडी गेटबाहेर पडत नसे.

सकाळी सहाला फॉल इन, म्हणजे रांगेत हजर. पहिल्या दिवशी टायर, चेन, हेल्मेटचा पट्टा, मग वळणावर गाडी सांभाळणं. दुसऱ्या दिवशी अचानक ब्रेक. जवान कुरकुरायचे. "उस्ताद, शाळेपासून गाडी चालवतोय."

"चालवतोस. आता थांबवून दाखव."

लान्स नायक मिलिंद साळवे श्रीरामपूरकडचा, रेडिओ ऑपरेटर. शांत आणि कामाला चोख. बहिणीच्या लग्नासाठी त्याला पंधरा दिवसांची रजा मिळाली होती. पहिला दिवस त्याने नीट केला आणि संध्याकाळी माझ्याकडे आला.

"उस्ताद, उद्याचं सोडता का? पत्रिका वाटायच्या राहिल्यात. घरी वडील एकटेच आहेत."

"परत आल्यावर करशील?"

"नक्की."

मी कागदावर दोन्ही दिवसांच्या सह्या केल्या.

दुसऱ्या दिवशी ०६४० ला तो गेटबाहेर पडला. मी मैदानावर बाकीच्यांना ब्रेक शिकवत होतो. ०८२५ ला वॉकी-टॉकी वाजला.

"एमटी, ड्यूटी रूम. साळवेचा अपघात, राहुरीच्या पुढे. ओव्हर."

"जखम कितपत? ओव्हर."



"साळवे गेला. सुभेदार साहेब निघतायत, तुम्ही सोबत जा. ओव्हर."

"रॉजर. आउट."

आम्ही पोचलो तेव्हा वळणापलीकडे उसाची ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी होती. तिच्यापर्यंत टायरचा एकच काळा पट्टा गेला होता. सुभेदार साहेबांनी तो पावलांनी मोजला. बावीस पावलं भरली.

"फक्त मागचा ब्रेक," ते म्हणाले.

"जी साहेब. पुढचा लावलाच नाही."

दोन्ही ब्रेक एकदम लावले असते तर गाडी ट्रॉलीच्या अलीकडे थांबली असती. कोर्सच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तेवढंच शिकवत होतो.

सह्यांची गोष्ट मी त्याच संध्याकाळी साहेबांना सांगितली. चौकशी झाली, मला सिव्हिअर रेप्रिमांड, म्हणजे नोंदीवर राहणारी कडक ताकीद मिळाली. शिक्षा योग्य होती. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या दिवशी मिलिंदच्या वडिलांनाही मी सगळं सांगितलं. म्हाताऱ्यांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला.

"त्यानंच मागितलं आसंल, साहेब."

"हो. पण सही माझी होती."

निवृत्तीनंतर मी भिंगारलाच राहिलो. दर रविवारी एका मोकळ्या मैदानावर असाच कोर्स घेतो. शिक्षक येतात, कारखान्यातले कामगार येतात. "ब्रेक मारायला काय शिकायचं आसतंय?" असं विचारणारेही येतात. हिवरे बाजारच्या बाजूचा एक दूधवाला कोर्सनंतर पंधरा दिवसांनी मुद्दाम सांगायला आला. "कुत्रं आडवं आलं हुतं. दोन्ही ब्रेक लावले. कॅनसकट उभा ऱ्हायलो."

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी स्कूटरवरून एक बाई आली. तिने हेल्मेट काढलं. मिलिंदची बहीण सुजाता. लग्न पुढं ढकलून नंतर साधेपणाने झालं होतं. आता ती नर्स आहे, रोज शहरात ये-जा करते.

"काका, दादाला त्या दिवशी काय शिकवणार होतात?"

मी सांगितलं.

"मग ते मला शिकवा."

पहिल्या तीन वेळा तिचं मागचं चाक घसरलं. पुढचा ब्रेक लावायला हात घाबरत होता. पाचव्या वेळी स्कूटर सरळ उभी राहिली. ती उतरली, मागे वळून ब्रेक लावायच्या रेघेपासूनचं अंतर बघत राहिली.

"त्याला किती वेळ लागला असता?"

"अर्धा तास," मी म्हणालो. "तो चटकन शिकायचा."

तिने डोळे पुसले, हेल्मेटचा पट्टा लावला आणि पुन्हा सुरुवातीच्या रेघेवर गेली. आम्ही दुपारपर्यंत तेच करत राहिलो. मिलिंद गेला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता.