दुपटं, बांगड्या आणि ऊद

सून न्हाऊन उदाच्या धुरावर केस वाळवत होती आणि मला मद्रासमधली ती दुपार आठवली.

मला आठवा महिना होता. तिथे ऐन कार्तिकात पाऊस, कपडे वाळता वाळत नसत. घरमालकीण मामी तंजावरच्या मराठी. त्या निखाऱ्यांवर ऊद टाकून वर टोपली पालथी घालत आणि तिच्यावर माझी बाळंतवस्त्रं शेकत. मी जुन्या लुगड्याचं दुपटं शिवत होते. त्यांच्या रीतीप्रमाणे मामींनीच माझे हात काचेच्या बांगड्यांनी भरले होते. म्हणे, किणकिण बाळाला ऐकू जाते. खरंच, टाका घालताना बांगड्या वाजल्या की बाळ ढुशी द्यायचं.

त्या दिवशी देईना.

“मामी, स्वारी रुसलीय बघा,” मी हसून म्हटलं. “सकाळपासून हूं नाही की चूं नाही.”

मामींनी माझं मनगट पोटाशी धरून हलवलं. पुन्हा हलवलं. मग माझ्या हातातली सुई काढून घेतली आणि अर्धवट दुपट्याची घडी केली.

“पुरे गं अम्मा. नीज जरा. मी डॉक्टरीणबाईंना घेऊन येते, सहज बघून जातील.”

किती माया करतात, असं वाटलं मला.

रात्री मुलगा झाला. तो रडलाच नाही.

मामींना सुई काढून घेतानाच कळलं होतं. मी मात्र त्या उबेत, उदाच्या वासात, पोटावर हात ठेवून गाढ झोपले. त्या झोपेचा मला अजून राग येतो. इतकी सुखाची झोप पुन्हा कधी लागली नाही.