भावाच्या घराची तपासणी

नवी घरं खरोखर वीज वाचवतात की नुसतं तसं म्हणवून घेतात, हे तपासणं ताईचं काम. घराच्या दारात मोठा पंखा बसवून ती आतली हवा बाहेर ओढायची आणि बाहेरची हवा कुठल्या फटीतून आत घुसते ते हात फिरवून शोधायची. बांधकामवाले तिला पाठीमागे 'फटताई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

धाकट्या भावाच्या घराची पाळी आली तेव्हा मात्र ती साहेबांकडे गेली. "सख्ख्या भावाचं घर आहे. दुसऱ्या कुणाला तरी पाठवा."

"दुसरं आहे कोण?" साहेब म्हणाले. "आणि भाऊ म्हणून तुम्ही सोडाल, असं मला तरी वाटत नाही."

भाऊ फाटकातच उभा होता. छपरावर बोटभर जागा न सोडता सोलर पॅनेल बसवलेली, शेजारी उन्हावर पाणी तापवणारी टाकी. "वापरतो त्याहून जास्त वीज बनवतो, ताई. तुमचं वीजबचतीचं प्रमाणपत्र खिशातच आहे म्हण."

त्याचा खुललेला चेहरा बघून तिला बरं वाटलं आणि धास्तीही वाटली. ताई माझ्या प्रत्येक गोष्टीत खोट काढते, हा त्याचा जुना राग. मागे असंच काहीसं बोलली म्हणून त्यानं वर्षभर अबोला धरला होता. आईनं मधे पडून कसाबसा मिटवला. घर नापास झालं तर पुन्हा तेच.

पंखा सुरू झाला. पुढची खोली ठीक निघाली, स्वयंपाकघरही. मागच्या खोलीत आई पलंगावर बसली होती; ती हल्लीच भावाकडे राहायला आली होती. ताईनं भिंतीला हात लावला. भिंत गारढोण होती आणि खिडकीच्या चौकटीतून वारा येत होता.

"या भिंतीत थंडी अडवणारा थर घातला नाहीस?"

"एवढ्या एकाच खोलीत नाही घातला. वर फुकटची वीज आहे, हीटर लावला की झालं. शेवटी तुम्ही गुणांची बेरीजच करणार ना?"

घोडं पेंड खात होतं ते इथेच. पॅनेलला गुण होते, टाकीलाही होते, अगदी सढळ हातानं होते. पण आधी घरानं पॅनेलशिवाय, स्वतःच्या जिवावर पास व्हायचं आणि मगच उन्हाचे गुण त्यात मिळवायचे, असा नियम. ताईनं तो शांतपणे समजावून सांगितला.

"म्हणजे नापास," भाऊ म्हणाला. "माझं काही तुला चांगलं दिसणारच कसं?"

"अरे, भांडू नका," आई म्हणाली. "मला नाही लागत थंडी." बोलता बोलता तिनं पाय शालीखाली ओढून घेतले.

भावाचं लक्ष कोपऱ्यात गेलं. "हीटर बंद का गं?"

"लावते की. पण तो लावला तरी पाय गारच राहतात."

"मग बोलली का नाहीस?"

"एवढ्या हौसेनं दाखवलंस घर." आई ओशाळून हसली. "आणि खोट काढली की तू वर्षभर बोलत नाहीस. माझ्यानं नाही रे ते झेपणार."

भाऊ पलंगाच्या कडेला टेकला. ताईनं जाऊन दारातला पंखा बंद केला.

"नापास कर, ताई," तो म्हणाला. "भिंत होईपर्यंत आई पुढच्या खोलीत झोपेल. मी इथे झोपतो."