सगळा वर्ग हिरवा

लातूरच्या ट्युशन एरियात कुणाची बॅच जाणार ही बातमी आधी चहाच्या टपरीवर येते, मग मेसमध्ये पोचते, आणि ज्याची बॅच जाणार त्याला सगळ्यांत शेवटी कळते. कुसुम मॅडमचं नशीब थोर. त्यांना ती खुद्द मालकाने, अंबरीशने, केबिनचं दार लावून सांगितली.

"बाई, आजचा तास जपून घ्या."

चारचौघांत तो त्यांना मॅडम म्हणे, दार लागलं की बाई. भूकंपानंतर किल्लारीकडे पत्र्याच्या शेडात कुसुमबाईंनी ज्या पोरांना शिकवलं, त्यांत तिसरीतला अंबरीश होता. आता लातूरच्या निम्म्या विजेच्या खांबांवर त्याचा फोटो होता, हाताची घडी घातलेला. फोटोत केस खऱ्यापेक्षा दाट होते, पण तो मुद्दा कुणी त्याच्या तोंडावर काढत नसे.

"झालं काय पण?" मॅडमनी विचारलं.

झालं होतं ते असं. क्लासमधून खडू-फळा गेला होता आणि भिंतभर डिजिटल बोर्ड आला होता. प्रत्येक पोराच्या हातात टॅब. मुद्दा शिकवून झाला की बोर्डावर 'समजलं का?' उमटायचं, आणि पोरांनी हिरवं किंवा लाल बटण दाबलं की बोर्डावर त्यांच्या बाकाचा चौकोन त्या रंगाचा व्हायचा. मॅडमच्या जीवशास्त्राला रोज सगळा वर्ग हिरवा. आणि रविवारच्या परीक्षेत तीच पोरं तोंडावर आपटायची.

"समजतंय म्हणून पोरंच सांगून राहिलीत, अन् मार्क येईनात," अंबरीश म्हणाला. "गफलत कुठं हाय? हैदराबादच्या अनिमेष सरांचं रेकॉर्डिंग घेऊन ठेवलंय मी. आजचा तास इथून कॅमेऱ्यात बघतो. शेवटी छोटी टेस्ट. हिरवं अन् मार्क जुळले तर बॅच तुमची. न्हाई तर उद्यापासून बोर्डावर अनिमेष सर."

"आणि मी?"

"तुम्ही हजेरी घ्या. शिस्त बघा." हे बोलताना त्याने टेबलावरचा पेपरवेट तीनदा फिरवला. वर मात्र बघितलं नाही.

मॅडम वर्गात आल्या. बोर्ड झळकावा म्हणून वर्गातले दिवे मंद ठेवायची पद्धत होती. त्या मंद उजेडात पोरं म्हणजे नुसत्या सावल्या. त्यांनी आधी सगळे दिवे लावले. बोर्ड फिका पडला, चेहरे उजळले. किल्लारीच्या त्या शेडातली पोरं काहीही विचारलं तरी 'हाव बाई' म्हणायची. वारा सुटून पत्रा वाजला की बाहेर पळायची, आणि परत येऊन पुन्हा 'हाव बाई'. तेव्हापासून बाईंनी उत्तराचा भरवसा सोडला होता, चेहऱ्याचा धरला होता. या बोर्डाने तेवढं विसरायला लावलं.

विषय मूत्रपिंडाचा होता. पहिला मुद्दा झाला. सगळं हिरवं. पण तिसऱ्या बाकावरच्या भोकरच्या महामायाने प्रश्न पुरता उमटायच्या आधीच बटण दाबलेलं त्यांनी पाहिलं.

मग बाईंनी जे केलं, त्याची चर्चा मेसच्या स्वयंपाकिणी अजून करतात.

"आता पुढचं," त्या शांतपणे म्हणाल्या. "मूत्रपिंडात गाळलेलं सगळं फुफ्फुसात जातं. तिथं त्याची लघवी तयार होते, आणि ती हृदयावाटे बाहेर पडते. समजलं का?"

उद्याचे डॉक्टर होते सगळे. एकाने वहीत उतरवून घेतलं. बोर्ड पुन्हा हिरवागार.

छतातला स्पीकर खरखरला. "मॅडम, जरा केबिनमध्ये या." अंबरीश कॉमर्सचा, पण लघवी हृदयातून येत नाही एवढं त्यालाही ठाऊक होतं. आणि तास रेकॉर्ड होत होता. हे रेकॉर्डिंग बाहेर गेलं तर बॅचच काय, लातुरात कुठलाच क्लास बाईंना उभं करणार नव्हता.

"तास संपल्यावर येते," त्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या. मग पोरांकडे वळल्या. "मी आत्ता तद्दन खोटं शिकवलं. हिरवं का दाबलं? महामाया, तू सांग."

महामाया उभी राहिली. "मॅडम, लाल दाबलं की घरी मेसेज जातो. 'आपल्या पाल्यास आजचा भाग समजला नाही.' माझे पप्पा तहसीलीत क्लार्क हायेत. मागं एकदा मेसेज गेला तर अख्ख्या हापिसानं चहासोबत वाचला. पप्पा म्हणले, अजून एक लाल आला तर बिस्तरा बांधून घरी."

"आणि बाकीचे?"

"सगळ्यांचं तेच हाय, मॅडम," मागून कुणीतरी म्हणालं. "हॉस्टेलात पहिल्याच दिवशी सांगतेत, लालला हात लावू नको."

हे आजवर कुणी सांगितलं नाही म्हणून मॅडम चिडल्या नाहीत. आपणच कधी विचारलं नव्हतं.

"मग मला सांगा, मघाचा पहिला मुद्दा, खरा होता तो. तो ज्यांना कळला नाही त्यांनी लाल दाबा. घरच्यांशी मी बोलेन."

कुणी हललं नाही. स्पीकर पुन्हा खरखरला आणि काही न बोलता बंद झाला. महामायाने टॅबकडे बघितलं, ओठ चावला, आणि लाल दाबलं. मग शेजारणीने. मग बोर्डावर बाकामागून बाक लाल होत गेला.

दोन मिनिटांत ऑफिसातला फोन वाजू लागला. हदगाव, देगलूर, उदगीर, गावोगावचे पालक. अंबरीश हातात मोबाइल घेऊनच वर्गाच्या दारात आला.

"हे काय करून बसलात बाई," तो म्हणाला, पोरांसमोर, चक्क बाई. मोबाइल वाजतच होता. त्याने नाव बघितलं, मग महामायाकडे. "हिचे वडील."

"घ्या ना," मॅडम म्हणाल्या. "न्यायला येऊ का म्हणून विचारतील. काय ते सांगा."

महामायाने बाकाची कड घट्ट धरली होती.

अंबरीशने फोन कानाला लावला. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. अंबरीश भिंतीवरच्या त्या लाल बोर्डाकडे बघत होता.

"न्हाई, धम्मदीपराव, न्यायला नका येऊ," शेवटी तो म्हणाला. "एकट्या तुमच्या पोरीला न्हाई, सगळ्यांनाच कळलं न्हवतं. बाई पुन्हा शिकवून राहिल्या. हाव, याच शिकवणार. उद्याबी याच."

महामाया मटकन खाली बसली.

"मेसेज उद्यापासून बंद करतो," त्याने फोन ठेवत मॅडमना सांगितलं.

"उद्या नको. आत्ता कर. मला पुढचा प्रश्न विचारायचाय."

तो धावतच केबिनकडे गेला. मॅडमनी बोर्ड पुसला, मूत्रपिंड नव्याने काढलं आणि सुरुवातीपासून सुरुवात केली. या खेपेला 'समजलं का?' उमटलं तेव्हा कुणी घाई केली नाही. काही बाक हिरवे झाले, काही लाल. मॅडम लाल बाकांकडे चालत गेल्या.