कानिफतात्यांनी सँडर पारखला

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात कानिफतात्यांनी तीस वर्षं बैलांची दलाली केली. पाठ फिरवून चहा पिताना मागून जाणाऱ्या बैलाच्या खुरांचा आवाज ऐकायचे आणि वळून न बघता सांगायचे, "मागचा डावा जपून टाकतोय. घिऊ नका." गुडघ्यांनी दगा दिला तसा बाजार सुटला, आणि तात्यांनी घरच्या पडवीत करवत-रंधा हातात घेतला. पहिलं स्टूल डुललं. दुसरं जरा कमी डुललं. आता मात्र त्यांनी थेट पाळण्यालाच हात घातला होता. लेक अश्विनी बाळंतपणाला आलेली, रविवारी नातीचं बारसं.

पाळणा सागाचा, सांधे घट्ट, पण अंग खरबरीत. तात्यांच्या बायकोनं, विजयमालाबाईंनी, जुन्या मऊ साडीचा पदर कठड्यावरून फिरवला. तीन जागी अडकला.

"अवो, ह्यात पोरगी निजवायची का वांगी ठिवायची?" बाई म्हणाल्या. "राहात्याच्या विहीणबाई स्टीलचा पाळणा आनत्यात. रविवारी पदर अडकला तर नाव त्यातच ठिवायचं. मी मधी पडनार न्हाई, आधीच सांगते."

तात्यांना ते फार लागलं. पॉलिश पेपर हातानं घासून घासून खांदा आधीच भरून आला होता. दुसऱ्या दिवशी सागाची एक फळी बगलेत मारून ते नगरला, हत्यारांच्या दुकानात हजर.

दुकानदार अंगद एका दमात सुरू झाला, "या तात्या, बसा तात्या, हे बघा तात्या, लेटेस्ट पीस, सहा स्पीड, धूळ डायरेक्ट पिशवीत, वर्षाची वॉरंटी, टेन्शनच न्हाई!" आणि लालभडक, चकचकीत सँडर, म्हणजे लाकूड घासून गुळगुळीत करायचं मशीन, त्यानं काउंटरवर ठेवला.

"शिंगं रंगवून आनलेला दिसतोय," तात्या म्हणाले. "शेजारचा तो मळकट हिरवा काढ. आन् दोन चहा सांग."

"दोन? मी घेत न्हाई, तात्या."

"तुला कोन देतंय? एक ह्याचा, एक त्याचा."

चहा आला. लाल सँडर फळीवर चालू झाला. तात्या कप गार होईस्तोवर घोट घोट पीत राहिले, आणि सँडर घूंऽऽ करत राहिला. कप संपता संपता घूंऽऽची झाली घींऽऽ. तात्यांनी सँडरच्या पाठीवर तळवा ठेवला आणि झटकन काढला.

"अंग तापलंय, हाताला मुंग्या आल्या. एका चहात धाप लागली, बाबा. आन् ह्याची वायर बघ, मानेपाशीच पिचकी. कार्बन, बेरिंग, खालची चकती, हे सुटं सामान मिळतंय का हितं?"

"ऑर्डर टाकायची. पंधरा दिसांत येतंय."

"म्हंजी पंधरा दिस दावनीला बसून वैरन खानार."

दुसऱ्या चहाला हिरवा जुंपला. जरा जड, पण आवाज पहिल्या घोटाला होता तोच शेवटच्या घोटाला. अंग नुसतं कोमट. अंगदनं खण ओढून त्याचे कार्बन, बेरिंग, चकत्या सगळं दाखवलं. तात्यांनी मान डोलावली, खांद्यावरचा पंचा हातावर टाकला आणि बैलबाजाराच्या रीतीनं त्याच्या आडून बोटांनी भाव ठरवायला हात पुढे केला.

अंगदनं तो हात पंच्यासकट धरून खुशीनं हलवला. "थँक्यू, तात्या! फिक्स रेट हाय!"

हिरवा घरी आला. एवढी पारख करून आणला आणि तात्यांनी चूक केली ती जुंपल्यावर. नवीन जनावर दाबून धरायचं ही हातांची जुनी सवय. दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून त्यांनी सँडर रेटला. तो बिचारा घुर्र-घुर्र कण्हला, आणि कठड्यावर गोल गोल ओरखडे उठले. पदर आता पाच जागी अडकला.

"मशीनच खोडील निघालं," तात्या पुटपुटले.

"मशीन न्हाई, हाकनारा!" बाई पीठ मळता मळता म्हणाल्या. "जल्मभर गिऱ्हाईकाला सांगत हुता, चालत्या बैलाला टोचू नका, नुसता कासरा धरा म्हनून. तुमी काय करताय?"

तात्यांनी एक हात काढून घेतला आणि दुसरा नुसता वर ठेवला, वशिंडावर ठेवावा तसा. सँडर आपसूक पुढे सरकला. घूंऽऽ. आधी जाड पेपर, मग मध्यम, मग बारीक. शनिवारी दिवेलागणीला तात्यांच्या मिशाही सागवानी झाल्या होत्या.

रविवारी पाहुण्यांदेखत बाईंनी पदर टाकला. तो कठड्यावर थांबलाच नाही, सुर्रकन घसरून खाली. विहीणबाईंचा विश्वास बसेना. त्यांनी कोरी रेशमी साडी घासून पाहिली, वाकून खालच्या अंगानंही पाहिली. धागा अडकेना.

"बाई गं, लोनीच!" त्या म्हणाल्या आणि नातीला स्वतःच पाळण्यात ठेवलं. तात्या दोरी हलवायला बसले ते पंगतीला उठेनात.

टेम्पोतून आलेला स्टीलचा पाळणाही वाया गेला नाही. स्वयंपाक्यांनी त्यात वांगी धुऊन ठेवली.