खोडलेला सत्तेचाळीस

सिग्नलच्या लिव्हरवर माझा हात होता आणि बाहेर मालगाडीचा ड्रायव्हर शिट्टीवर शिट्टी मारत होता. तेवढ्यात मागून बापूराव मास्तर म्हणाले, “थांब. फोन तर केलाच नाई तू. नंबर कुठून आला रे?”

गोष्ट सत्तरच्या दशकातली. वाशीमकडच्या मीटरगेज लाइनवर एका लहानशा स्टेशनात मी नवा असिस्टंट स्टेशन मास्तर होतो. बापूराव माझे साहेब. ड्यूटी नसली तरी चहा प्यायला ऑफिसात येऊन बसायचे. डोळे मिटलेले, कान उघडे.

नंबर म्हणजे प्रायव्हेट नंबर. स्टेशनपासून कोसभरावर एक फाटक होतं. गाडी सोडण्याआधी मी फोनची दांडी फिरवायची, गेटमनला गेट बंद करायला सांगायचं. त्याच्याकडे उलटसुलट आकड्यांचा छापील कागद असे, कुलपात ठेवलेला. गेट लावलं की तो त्यातला पुढचा आकडा मला सांगायचा आणि कागदावर खोडायचा. मी तो रजिस्टरात लिहायचा, मगच सिग्नल. आकडा आला म्हणजे गेटमन जागेवर आहे आणि गेट बंद आहे.

गेटमन होते किसनमामा. लाख माणूस! पण एका कानानं कमी ऐकू यायचं, आणि त्यात फोनची खरखर. एका आकड्यासाठी मला घसा फोडावा लागे. मग मी डोकं चालवलं. सकाळी एकदाच फोन करून दिवसभराचे आकडे चिठ्ठीवर उतरवून घेऊ लागलो.

“असं चालते काय सायेब?” मामांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

“चालते मामा. तुमी टायमावर गेट लावत जा, बस.”

मामा टायमाचे पक्के. दोन महिने सगळं सुरळीत चाललं आणि मी स्वतःवर भलताच खूश होतो. पण ही मालगाडी टाइमटेबलात नव्हतीच, ऐनवेळी आलेली. मी सवयीनं चिठ्ठी पाहिली आणि सत्तेचाळीस लिहून मोकळा झालो.

“लाव फोन,” बापूराव म्हणाले.

मी दांडी फिरवली. तिकडून मामा ओरडलेच, “सायेब, गाडी सोडू नका! रिठद गावची बैलगाडी रुळात अटकून राह्यली. बैल हलत नाईत. बाई हाये आत, दोन लेकरं हायेत!”

लिव्हर सोडून मी खुर्चीत बसलो. ड्रायव्हर तणतणत आत आला, “काहून अटकवलं आमाले?” बापूरावांनी त्याच्यापुढे आपला चहा सरकवला आणि म्हणाले, “पी. रस्त्यात मानसं हायेत.”

वीस मिनिटांनी फोन वाजला. “निघाली सायेब! गेट लावलं. घ्या नंबर. सत्तेचाळीस.”

तोच. त्यांच्या कागदावर तो अजून खोडलेला नव्हता, पुढचा आकडा तोच होता ना! बापूरावांनी मला आधीचा सत्तेचाळीस खोडायला लावला, खाली पुन्हा सत्तेचाळीस लिहायला लावला, सही घेतली. चिठ्ठी चहाच्या शेगडीत गेली.

“आता पायी जाय,” ते म्हणाले. “मामाले सांग, चूक माही होती म्हून.”

ड्यूटी संपल्यावर गेलो. मामांनी गडव्यातलं पाणी दिलं, शेंगा पुढे केल्या. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मले बी कळाले पायजे होतं सायेब.” त्या म्हाताऱ्यानं अर्धी चूक आपल्या अंगावर घेतली, याची मला आजही लाज वाटते.

त्या दिवसापासून मी दर गाडीला दांडी फिरवली, घसा फोडला, आकडा मामांच्याच तोंडून घेतला. आता फोनमध्ये खरखर नसते. मला मात्र तीच आठवते, आणि त्यातून येणारा मामांचा “हालो”.

पुढे इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. “खोडून परत तोच आकडा? दोन्हीत फरक काय?”

मीच उठून उभा राहिलो.

“पहिला मी लिहिला होता साहेब. दुसरा गेटमननं दिला.”

ताकिदीचा मेमो मिळाला. तो अजून जपून ठेवला आहे.