आखाजीचे दगड

दोंडाईच्याहून फोन आला, तेव्हा मी जळगावला शाळेतून नुकती घरी आले होते. सुमनअक्का गेली... माझी थोरली बहीण. मिरचीच्या खळ्यावर मुकादमाशी भांडता भांडताच कोसळली म्हणे. दुसरं कसं मरण येणार होतं तिला!

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात, असं लोक कौतुकानं सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही. गौराई बोळवायला आम्ही पांझरा नदीत उतरायचो, पलीकडच्या गावच्या पोरी-बायका समोर यायच्या आणि कोरड्या पात्रात शिव्यांची अन् दगडांची लढाई जुंपायची. डोकी फुटायची. फुटलेल्या डोक्यात हळद भरून बाया खिदळायच्या. नियम एकच... खाली बसलेलीला मारायचं नाही. पलीकडची म्होरकी काशी, आमची अक्का. काशीनं भुवईवर दिलेली खूण अक्का दागिन्यासारखी मिरवायची. पाठीवरचे वळ मात्र लपवायची. ते नवऱ्याचे होते. मी एकदा विचारलं, एवढं रक्त निघतं, यात कसली गंमत? म्हणाली, "आठे मी बी मारस ना व!" उलटा हात उगारता येतो तोवर खेळ, नाहीतर नुसता मार. गमतीचा एवढा सोपा अर्थ मला पुढे कुठल्या पुस्तकात सापडला नाही.

ऐंशीच्या दशकातल्या एका आखाजीला अक्काचा नवरा ऐन लढाईत तिला न्यायला पात्रात उतरला. ती म्हणाली, उद्या येते. त्यानं झिंज्या धरून तिला फरफटवलं. ती खाली बसली. बसलेल्या अक्काच्या पोटात त्यानं लाथ घातली. आम्ही माहेरच्या सगळ्या थिजलो, जावईबापू ना! पहिला दगड पलीकडून आला. काशीचा.

"ती आमनी वैरीन शे! तिले आम्हीच मारसूत. तू कोन रे?"

मग दोन्ही काठांनी त्याला झोडपलं. दात पडला, कान फाटला, चपला टाकून पळाला. अक्का पोट धरून रडत होती आणि हसतही होती. ती पुन्हा नांदायला गेली नाही. दोंडाईच्यात मिरच्यांचे देठ खुडून जगली, आणि दर आखाजीला येऊन काशीवर पूर्वीपेक्षा जोरात दगड भिरकावत राहिली. उपकार मानायची तिची ही रीत.

दहाव्यानंतर काशी आमच्या माहेरच्या घरी आली. फोटोसमोर उभी राहून म्हणाली, "वैरीन गयी मनी... आते माले शिवी कोन देई?"

मी मास्तरीण, दगड पुष्कळ मारले, पण शिवी कधी तोंडातून निघाली नव्हती. तरी मी पुढे झाले आणि ओरडले, "ती मरी गयी, तू कसाले जित्ती शे व भवाने?"

काशी पदरात तोंड खुपसून रडली. मग डोळे पुसून तिनं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला.