राधाक्काची वाट

काल शेजाऱ्याने कुंपणासाठी तारेचं नवं भेंडोळं आणलं. त्याच्या तेलकट वासाने मला साठ सालच्या आसपासच्या मालवणात, भाऊसाहेबांच्या माडांच्या बागेत नेऊन सोडलं.

भाऊसाहेब मुंबईहून निवृत्त होऊन आले होते आणि बागेला काटेरी तार ओढत होते. पहिल्या खांबाला त्यांनी हार घातला, नारळ फोडला. भाषण तेवढं आम्ही जमलेल्या गावकऱ्यांनी हात जोडून टाळलं. किनाऱ्यावरून बाजारात जायची मासेवाल्या बायकांची वाट याच बागेतून होती. वळसा घातला की मासळीही जाई आणि गिऱ्हाईकही.

त्यांच्यातली राधाक्का ताज्या बांगड्यांची टोपली घेऊन आली आणि शेवटच्या खांबाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली.

भाऊसाहेब पक्के देवभोळे. मी तिच्या कानाशी लागलो, "अक्का, ही देवचाराची वाट आसा म्हण. लगेच सोडतील." गावाच्या राखणदाराची वाट अडवायची छाती कोणाची?

ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "देवचार काय बांगडे इकता? वाट माका व्हयी. माज्या नावान सोडा, भाऊनू."

"मालक मी आहे!" भाऊसाहेब गरजले.

"मगे मालकासारके वागा."

उन्हात बांगडे वास मारू लागले. तिची दिवसाची कमाई नासत होती, पण ती हलली नाही. शेवटी भाऊसाहेब नाकाला उपरणं लावून घरात गेले आणि गड्यांनी वाटेपुरती जागा सोडून खांब दोन हात अलीकडे रोवला.

तेव्हा मला तो हट्ट वाटला होता. आज वाटतं, देवचाराच्या नावावर मिळालेली वाट तिला जन्मभर त्याच्या मेहेरबानीवर चालावी लागली असती.

नासलेली टोपली डोक्यावर घेऊन ती त्या मोकळ्या जागेतून बाजाराकडे निघाली. विकण्याजोगं काही उरलं नव्हतं. तिला फक्त चालायचं होतं.